ऑक्टोबरातली रोपं आम्हालाही द्या

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार आणि वाई भागातल्या स्ट्रॉबेरी उत्पादक व रोपवाटिकाधारक मंडळींना खुले पत्र



हे पत्र ऑगस्टात लिहितो आहे, त्याला कारण आहे. सध्या वाईच्या बाजूच्या रोपवाटिकांमध्ये मातृरोपांना रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे धुमारे, सुटले असतील. वर महाबळेश्वरात पाऊस कोसळत असताना खाली कमी पावसात रोपं वाढवायची आणि पाऊस ओसरला की ती घाट चढवून गादीवाफ्यांवर लावायची, हा तुमचा ठरलेला क्रम. रोपं गाडीत भरण्यापूर्वी एक मागणं तुमच्या कानावर घालायचं आहे. त्यातली थोडी आमच्यासाठी बाजूला काढा. आम्ही म्हणजे पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे, गच्चीवर, गॅलरीत किंवा रो-हाऊसच्या पुढच्या चार फुटांत स्ट्रॉबेरी लावू पाहणारे हौशी लोक. एकरी हिशेब करणाऱ्यांना आमची मागणी दहा रोपांची वाटेल. दहाचीच आहे. पण ती दहा रोपं ऑक्टोबरात मिळायला हवीत आणि त्यांच्या जातीचं नाव आम्हाला कळायला हवं. एवढ्या दोन गोष्टींसाठी हा लांबलचक पत्रप्रपंच.

आत्ता काय मिळतं? जानेवारी-फेब्रुवारीत पाचगणीच्या रस्त्यावर किंवा शहरातल्या नर्सरीत काळ्या पिशवीतलं रोप मिळतं, दोन लाल फळं आणि एक पांढरं फूल मिरवणारं. मुलं हट्ट धरतात, आईबाप पैसे मोजतात, फळं घाट उतरायच्या आत संपतात. घरी आल्यावर थोडे दिवस नवी पानं फुटतात. मग मार्च लागतो, पारा पस्तिशीच्या वर जातो, पानांच्या कडा करपतात आणि एप्रिलमध्ये त्याच कुंडीत मोगरा लागतो. त्या घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितलं जातं की स्ट्रॉबेरी आपल्या हवेत येत नाही. हवेचा यात काही दोष नाही, हंगाम संपता संपता घेतलेल्या रोपाकडून दुसरं काय होणार? तुम्ही स्वतः फेब्रुवारीत एक तरी रोप लावता का?

ज्यांना रोप मिळत नाही ते ऑनलाइन बिया मागवतात. तिथे तर निळी स्ट्रॉबेरी, काळी स्ट्रॉबेरी, सफरचंदाएवढी स्ट्रॉबेरी, सगळं चित्रात उपलब्ध आहे. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठेही पिकत नाही. ती फक्त संगणकावर रंगवता येते. खऱ्या बिया आल्या तरी उपयोग बेताचाच, कारण आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळात संकर आहे. उत्तर अमेरिकेची एक जंगली जात आणि चिलीच्या किनाऱ्यावरची मोठ्या फळाची दुसरी जात अठराव्या शतकात युरोपातल्या बागांत शेजारी लागल्या आणि त्यातून ही जन्मली. चिलीची रोपं फ्रान्सला नेणारा फ्रेझिए हा खरं तर लष्करी अभियंता होता. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश तटबंद्या पाहून तो १७१४ मध्ये परतला, तो ही रोपं घेऊन. अशा संकराचं बी पेरलं की प्रत्येक रोप निराळं निघतं. म्हणून तुम्ही रनरवरच रोपं करता. हे तुमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असेल. आमच्याकडे ते शंभर रुपयांचं पाकीट वाया गेल्यावर कळतं.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला, डबी विकत घ्या की! घेतोच. तुमचं फळ चांगलं असतं, २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. पण दादर किंवा मार्केट यार्डापर्यंत टिकावं म्हणून तुम्हाला ते पूर्ण लाल होण्याआधी तोडावं लागतं, आणि स्ट्रॉबेरी काही आंबा किंवा केळं नव्हे. आढीत घातलेला आंबा गोड होतो. स्ट्रॉबेरी देठापासून सुटली की तिचा रंग थोडा गडद होईल, ती मऊ पडेल, पण साखर होती तेवढीच राहते. देठापर्यंत लाल झालेलं, उन्हात तापलेलं फळ तुमच्या शेतात तोडणी करणाऱ्या बाईच्या तोंडात जातं, आमच्या नाही. घरी लावण्याचं खरं कारण हेच. बाकी सेंद्रिय, विषमुक्त वगैरे जे काही आम्ही एकमेकांना सांगतो ते त्यानंतरचं.

आता हंगामाबद्दल. पुस्तकांत लिहिलेलं असतं की या रोपाला लहान दिवस लागतात, दिवस चौदा तासांहून मोठा झाला की कळ्या धरत नाहीत. ते इंग्लंड-अमेरिकेसाठी ठीक आहे. आपल्या अक्षांशावर जूनमध्येही दिवस सव्वातेरा तासांच्या फारसा पुढे जात नाही. म्हणजे दिवसाच्या लांबीने आपली अडवणूक केलेलीच नाही, अडवणूक करतं ते ऊन. दिवसाचं तापमान पंचवीसच्या आसपास आणि रात्रीचं दहा ते पंधरा अंश असेल तर रोप खुशीत असतं. तिशी ओलांडून तसंच राहिलं की ते फुलं सोडून नुसती पानं आणि रनर काढत बसतं. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अकरा-बारा अंशांच्या असतात. नाशिकही तसंच. मुंबईला रात्री सोळा-सतराच्या खाली क्वचित उतरतात, त्यामुळे तिथे हंगाम आखूड आणि फळ थोडं. पण अगदीच कोरडं नाही.

म्हणून तारीख महत्त्वाची. परतीचा पाऊस गेला, ऑक्टोबरची काहिली ओसरली, की मैदानी भागात लागवड व्हायला हवी. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. रोपाला मुळं धरायला तीन-चार आठवडे, मग कळ्या, फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत आणखी महिनाभर. म्हणजे नाताळच्या सुमारास पहिलं फळ आणि मार्च मध्यापर्यंत तोडणी. डिसेंबर उजाडल्यावर लावलेल्या रोपाला यातला अर्धाच काळ मिळतो. तुमच्याकडे बाराशे-तेराशे मीटरच्या उंचीमुळे हंगाम एप्रिलपर्यंत ताणता येतो. आमच्याकडे तो ताणायला जागाच नाही, आणि नेमकी आम्हालाच रोपं सर्वांत उशिरा मिळतात!

नावाचंही असंच. विक्रेत्याला विचारलं, “जात कुठली?” तर उत्तर येतं, “महाबळेश्वरची.” अहो, ते गावाचं नाव झालं. तुमच्या बांधावर मात्र विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबिला, चांडलर ही नावं रोज घेतली जातात आणि कुठली कधी लावायची, कुठलीला भाव मिळतो, यावर चहाच्या टपरीवर वाद होतात. आम्हाला त्या वादातलं थोडं ऐकू द्या. चांडलर आणि कॅमारोसा कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने काढल्या. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन फ्लोरिडाच्या. फ्लोरिडाचा हिवाळा सौम्य, तिथे ऐन थंडीतच तोडणी चालते, त्यामुळे लवकर फळणाऱ्या जाती निवडण्यावर तिथल्या संशोधकांचा भर राहिला. पुण्याच्या गच्चीवर तीन महिन्यांचाच हंगाम मिळणार असेल तर लवकर फळणारी जातच हवी, मग फळ थोडं लहान का असेना. हा सल्ला मी माझ्यापुरता काढलेला आहे. तुमच्यापैकी कुणी तो खोडून काढला तर मला आवडेल, पण त्यासाठी आधी कुंडीत कुठली जात आहे हे तर कळायला हवं!

रोपासोबत एक चिठ्ठी द्याल का? मराठीत, पोस्टकार्डाएवढी. तिच्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, क्राऊनबद्दल लिहा. पानं जिथून फुटतात तो रोपाचा गाभा मातीच्या पातळीत राहिला पाहिजे. तो मातीत गाडला की कुजतो, उघडा राहिला की वाळतो. आम्ही शहरी माळी गुलाब-जास्वंदीच्या सवयीने रोप खोल दाबतो आणि वर मूठभर गांडूळखत थापतो. घरगुती लागवडीत पहिल्या पंधरवड्यात मरणारी बरीचशी रोपं अशीच मरतात. तुमच्या मजुराच्या बोटांना ही पातळी न बघता कळते. चिठ्ठीत एक रेघोटीचं चित्र काढलंत तरी पुरे.

दुसरी गोष्ट, रोप किती टिकतं. इथले विक्रेते छातीठोकपणे सांगतात, एकदा लावा, पाच वर्षं फळं खा. थंड देशांच्या परसबागांत तीन-चार वर्षं ठेवतात हे खरं. पण तुम्ही, ज्यांचा यावर संसार चालतो, दरवर्षी ताजी रोपं लावता आणि मातृरोपं बाहेरून मागवता. रनरवरून रनर काढत राहिलं तर रोग आणि विषाणूही वारशाने येत राहतात. मग पुण्याच्या मे महिन्यात शेडनेटखाली रोप जगवण्याची कसरत आम्ही का करावी? मला तरी ती हौशीपेक्षा हट्टाची वाटते. शेवंतीसारखं हंगामी समजून दरवर्षी ऑक्टोबरात नवं लावावं, हे कुणीतरी अधिकाराने सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर ऐकलं जाईल.

माती-पाण्याबद्दल तुमची आमची परिस्थिती अगदी वेगळी. तुमची लाल, आंबट धाटणीची, पाणी धरून न ठेवणारी जमीन. आमच्याकडे काळी चिकण माती किंवा बिल्डरने भरलेला राडारोडा. स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो, काळी माती आणि बोअरचं पाणी आठाच्या दिशेने ओढतात. मग पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो. लोह मातीत असून मुळांना उचलता येत नाही. माणसं खत वाढवतात, आणि क्षारांचं या रोपाला इतकं वावडं की त्याने दुखणं वाढतं. साधी मात्रा अशी: कोकोपीट दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं, कारण त्यातही क्षार असतात. त्यात लाल माती आणि चाळलेलं गांडूळखत मिसळायचं, आणि शक्यतो नळाचं पाणी द्यायचं. जिथे टँकरवर सोसायटी चालते तिथल्यांनी पावसाचं साठवलेलं पाणी राखून ठेवावं. पावसाळ्यात लोक हसतात, नोव्हेंबरात विचारायला येतात.

कुंडी कशी असावी, यावर मी फार वेळ घेणार नाही. मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात, तेव्हा आठ इंची कुंडीत एक आणि बारा इंचीत तीन रोपं ठीक. मातीची कुंडी सर्वांत बरी. तिच्या अंगातून पाणी झिरपतं आणि मुळं थंड राहतात. जमीन असेल त्यांनी तुमच्यासारखाच वीतभर उंच गादीवाफा करावा, फूटभर अंतरावर तिरक्या ओळी, आणि प्लॅस्टिकऐवजी भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट. फळ मातीला टेकलं नाही म्हणजे करडी बुरशी कमी लागते.

उभ्या टॉवरबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण शहरात सध्या त्याचंच वेड आहे. पीव्हीसी पाइपला भोकं पाडायची, प्रत्येक भोकात एक रोप, चौरस फुटात वीस झाडं! चित्र देखणं दिसतं. अडचण पाण्याची. वरून ओतलेलं पाणी मधूनच सरळ खाली जातं, वरची रोपं तहानलेली आणि तळची चिखलात. मधोमध एक इंची पाइप, वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी छिद्रं पाडलेला, उभा घातला तर पाणी बऱ्यापैकी वाटलं जातं. चार इंची पाइप तर घेऊच नये. त्यात माती इतकी कमी की दुपारी तापते आणि संध्याकाळी कोरडी होते. आठ इंची, पांढरा रंग दिलेला, घ्यावा. पण दोन मीटर उंचीच्या अशा टॉवरमध्ये साठेक लिटर माल मावतो आणि भिजल्यावर त्याचं वजनही साठेक किलोंच्या घरात जातं. असे चार टॉवर गॅलरीच्या कठड्याशी ओळीने मांडण्याआधी जुन्या इमारतीतल्यांनी विचार करावा. शिवाय ऊन एकाच बाजूने येतं. भिंतीकडची रोपं पानं काढत बसतात. आठवड्यातून दोनदा टॉवर पाव वळसा फिरवता आला पाहिजे, म्हणजे खाली चाकं हवीत. एवढं सगळं करूनही सहा तास ऊन नसेल तर टॉवरपेक्षा दोन कुंड्या चांगल्या उन्हाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या परवडतात. मला विचाराल तर टॉवर दिवाणखान्यातून दिसायला छान, खायला कुंडी.

उंच मजल्यांवर एक निराळीच अडचण येते, ती तुम्हाला मोकळ्या शेतात सहसा येत नसेल. फळ वाकडं, एका बाजूने दबलेलं येतं. लोकांना रोग वाटतो. आपण फळ म्हणतो तो फुलाचा फुगलेला देठ, आणि त्यावरचे पिवळे दाणे ही खरी फळं. प्रत्येक दाण्याला परागकण मिळाला तर त्याच्याभोवतीचा गर फुगतो. ज्या बाजूला परागीभवन झालं नाही ती बाजू खपाटीला गेलेली राहते. मधमाशी दहाव्या मजल्यावर नेहमी येतेच असं नाही. रंगकामाचा मऊ ब्रश सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फुलावर हलकेच गोल फिरवला की काम होतं. पहिल्या एक-दोन कळ्या खुडाव्यात, रनर दिसला की कापावा, नत्र बेतानेच द्यावं, पालाश थोडा जास्त. लाल कोळी पानांच्या मागे जाळं करतात, तिथे पाण्याचा फवारा आणि निंबोळी अर्क. बुलबुलांवर उपाय जाळीचा. मी काही फळं त्यांच्यासाठी सोडतो, पण ते माझं खासगी प्रकरण आहे.

तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल की घरोघर स्ट्रॉबेरी झाली तर आमची डबी कोण घेणार? जरा हिशेब मांडा. चांगलं सांभाळलेलं रोप कुंडीत हंगामाला पाव ते अर्धा किलो फळ देतं. दहा रोपांचे तीन-चार किलो, तेही तीन महिन्यांत विखुरलेले, रोज मूठभर. एवढ्यात घरच्यांचं भागत नाही, मुरंब्याला तर नाहीच. उलट ज्याने स्वतः लाल कोळ्यांशी झुंज दिली आहे तो शनिवार-रविवारी तुमच्या रस्त्यावर गाडी थांबवून भावासाठी घासाघीस करणार नाही. झाशीकडे बघा. तिथल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने आधी घरच्या गच्चीवर आणि मग शेतात स्ट्रॉबेरी लावली. जानेवारी २०२१ मध्ये बुंदेलखंडात स्ट्रॉबेरी महोत्सव भरला आणि त्याच महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख झाला. गच्चीवरून शेताकडे जाणारी माणसं असतात. ती तुमची पुढची गिऱ्हाइकं आहेत, फळांची नसतील तर रोपांची.

मागणं नेमकं सांगतो. दहा-दहा रोपांच्या जुड्या, मुळं ओल्या मॉसमध्ये किंवा कोकोपीटमध्ये गुंडाळलेली, वर जातीचं नाव आणि रोप काढल्याची तारीख. विक्री फक्त पंधरा ऑक्टोबर ते दहा नोव्हेंबर. पुण्यात आणि मुंबईत एखादं ठिकाण आठवडाभर ठरवा, तुमच्या फळांच्या गाड्या पुढे येणारच असतात. दर शेतकऱ्याला लावता त्याच्या दुप्पट लावा, सुट्या मालाला तेवढा खर्च येतो हे समजतं. आणि डिसेंबर लागला की रोपं विकू नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. लाल फळ लटकलेलं रोप रस्त्यावर मांडायचंच असेल तर शेजारी पाटी लावा: हे शोभेचं आहे. भिलारमध्ये २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, वाचायला लोक लांबून येतात. त्या कपाटांत तुमच्याच कुणीतरी लिहिलेली, घरच्या स्ट्रॉबेरीची आठ पानी पुस्तिकाही असावी. कृषी खात्याच्या भाषेत नको, तुम्ही बांधावर बोलता त्या भाषेत.

बदल्यात आम्ही काय देणार? नोंदी. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात द्राक्ष बागायतदार आपापल्या बागेत काय घडलं ते एकमेकांना कळवत, आणि त्यातून शहाणे होत. तुमच्या जाती समुद्रसपाटीवर, टँकरच्या पाण्यावर, सातव्या मजल्यावरच्या उन्हात कशा वागतात हे तुम्हाला कुठे कळणार? ते आम्ही लिहून पाठवू: लागवडीची तारीख, पहिलं फूल, पहिलं फळ, एकूण वजन, रात्रीचं तापमान. डोंबिवलीच्या गॅलरीतलं स्वीट चार्ली आणि सांगलीच्या अंगणातलं विंटर डॉन यांची तुलना आजवर कुणाला करून बघता आलेली नाही, कारण कुठल्या कुंडीत कुठली जात आहे हेच माहीत नव्हतं.

सप्टेंबरअखेर जुड्यांची मागणी नोंदवून घेणार असाल तर तसं वर्तमानपत्रातून कळवा. आमच्या सोसायटीतल्या सहा घरांची मिळून साठ रोपं आत्ताच धरा, पैसे आगाऊ देऊ. जात तुम्ही ठरवा, फक्त जुडीवर लिहून पाठवा.

आपला,
पुण्यातला एक गच्चीवाला